कराराचे हस्तांतरण आणि हक्क घेणाऱ्याची भूमिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या करारातील हक्क किंवा जबाबदाऱ्या मूळ पक्षाकडून तिसऱ्या व्यक्तीकडे जातात, तेव्हा तीन जणांचे संबंध बदलतात. हक्क सोडणारा तो ‘देणारा’, हक्क स्वीकारणारा तो ‘घेणारा’ आणि मूळ करारात देणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला असलेला तो ‘समोरचा पक्ष’, अशी नावे पुढील उत्तरांत वापरली आहेत. व्यवहारात घेणाऱ्याला सर्रास असाइनी म्हटले जाते. तत्त्वे बहुतेक कायदेपद्धतींत सारखी असली तरी तपशील वेगळे आहेत, म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी कोणत्या कायद्यात काय म्हटले आहे ते नमूद केले आहे.

घेणाऱ्याला नेमके काय मिळते?

देणाऱ्याजवळ जे होते ते, आणि तेवढेच. समोरच्या पक्षाकडून पैसे, माल किंवा सेवा मिळण्याचा जो हक्क देणाऱ्याला होता, तो हस्तांतरणानंतर घेणाऱ्याचा होतो आणि तो मिळाला नाही तर दाद मागण्याचा अधिकारही त्याच्याकडे येतो. भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १३० नुसार अशा येण्याचे हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीच्या सहीचे असले की ते तेव्हापासूनच पूर्ण होते. त्यानंतर घेणारा स्वतःच्या नावाने दावा लावू शकतो. त्यासाठी त्याला देणाऱ्याची संमती घ्यावी लागत नाही किंवा त्याला दाव्यात पक्षकारही करावे लागत नाही.

मात्र मूळ करारात देणाऱ्याला जे मिळणार नव्हते, ते घेणाऱ्यालाही मिळत नाही. व्याजाचे कलम नसेल तर हक्क हातात बदलला म्हणून करारानुसार व्याज मागता येत नाही. मुदत संपत आली असेल तर ती नव्याने सुरू होत नाही. पैसे एखादी अट पूर्ण झाल्यावरच द्यायचे असतील, तर ती अट घेणाऱ्याच्या मागणीलाही तशीच लागू राहते. हक्क विकत घेताना बरेच जण केवळ रकमेकडे पाहतात. ती रक्कम ज्या अटींवर उभी आहे त्या वाचल्या जात नाहीत, आणि पुढचे बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

हक्क घेतले की जबाबदाऱ्याही आपोआप अंगावर येतात का?

सर्वसाधारणपणे नाही. हक्क आणि जबाबदारी यांचे हस्तांतरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घेणाऱ्याची भूमिका समजून घेताना हा भेद सर्वांत आधी लक्षात घ्यावा लागतो. हक्क देणाऱ्याच्या मालकीचा असतो, म्हणून तो समोरच्या पक्षाला न विचारताही दुसऱ्याला देता येतो. जबाबदारी मात्र समोरच्या पक्षाला दिलेला शब्द असते. तो शब्द कोणी पाळायचा हे त्याच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने खर्डा कंपनी विरुद्ध रेमन अँड कंपनी या १९६२ च्या निकालात हाच भेद स्पष्ट केला: करारातील बोजा दुसऱ्या पक्षाच्या संमतीशिवाय हस्तांतरित होत नाही, पण लाभ हस्तांतरित होऊ शकतात; अपवाद एवढाच की तो लाभ वैयक्तिक स्वरूपाचा नसावा आणि कायद्याने किंवा पक्षांच्या आपसांतील ठरावाने त्याला मनाई नसावी.

म्हणून निव्वळ येणे रक्कम घेणाऱ्याने मूळ करारातील मालाचा पुरवठा पूर्ण करावा, असे त्याच्यावर बंधन नसते. तो पुरवठा झाला नाही तर त्याची रक्कम बुडू शकते, हा परिणाम अर्थातच आहे. पण रक्कम बुडणे वेगळे आणि करारभंगाबद्दल नुकसानभरपाईला जबाबदार धरले जाणे वेगळे.

दस्तात ‘संपूर्ण करार हस्तांतरित करीत आहोत’ एवढेच लिहिले असेल तर?

येथे सावध राहिले पाहिजे. असे मोघम वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येते. अमेरिकेच्या एकरूप वाणिज्य संहितेतील मालविक्रीच्या प्रकरणात, कलम २-२१० मध्ये, याबाबत स्पष्ट गृहीतक आहे: ‘करार’ किंवा ‘करारातील माझे सर्व हक्क’ असे सर्वसाधारण शब्द वापरले असतील आणि भाषेवरून किंवा परिस्थितीवरून उलट हेतू दिसत नसेल, तर हक्कांबरोबर कामेही सोपवली आहेत असे मानले जाते. घेणाऱ्याने असे हस्तांतरण स्वीकारणे म्हणजे ती कामे पार पाडण्याचे वचन देणेच होय, आणि ते वचन देणारा व समोरचा पक्ष असे दोघेही त्याच्याविरुद्ध अमलात आणू शकतात. केवळ कर्जाची सुरक्षितता म्हणून हक्क घेणाऱ्या वित्तसंस्थेच्या बाबतीत परिस्थितीवरूनच उलट हेतू दिसतो, हे त्याच कलमाने मान्य केले आहे.

ज्याला फक्त हक्क घ्यायचे आहेत त्याने ‘मूळ करारातील कोणतीही जबाबदारी घेणाऱ्याने स्वीकारलेली नाही’ हे वाक्य दस्तात लिहून घ्यावे. ज्याला कामही घ्यायचे आहे त्याने कोणत्या तारखेपासूनची जबाबदारी आपली, हे लिहावे. नाही तर आधीच्या काळातील चुकांचे खापर कोणावर फुटणार याबद्दल वाद उद्भवतो.

घेणाऱ्याने जबाबदारी स्वीकारली की देणारा मोकळा होतो का?

आपोआप होत नाही. घेणारा काम करण्यास पुढे आला, तरी समोरच्या पक्षाने देणाऱ्याला मुक्त केले नसेल तोवर देणाऱ्याची मूळ बांधिलकी कायम राहते आणि घेणारा चुकला तर समोरचा पक्ष देणाऱ्याला जाब विचारू शकतो. देणाऱ्याला पूर्णपणे बाहेर काढायचे असेल तर तिघांच्या संमतीने जुन्या कराराच्या जागी नवा करार करावा लागतो. वकिलांच्या भाषेत याला नोव्हेशन म्हणतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६२ नुसार असा नवा करार झाल्यावर मूळ कराराचे पालन करण्याची आवश्यकता राहत नाही.

अन्य देशांतही मार्ग साधारण असाच आहे. जर्मन नागरी संहितेच्या कलम ४१५ नुसार ऋणकोने तिसऱ्या व्यक्तीशी परस्पर ठरवून कर्ज तिच्यावर टाकले, तर ते धनकोच्या मान्यतेवर अवलंबून असते. फ्रान्सच्या नागरी संहितेत २०१६ च्या सुधारणेने कराराच्या हस्तांतरणाला स्वतंत्र कलमे मिळाली. त्यानुसार समोरच्या पक्षाने स्पष्टपणे मान्य केले तरच देणारा पुढील काळापुरता मुक्त होतो, अन्यथा तोही घेणाऱ्याबरोबर संयुक्तपणे जबाबदार राहतो.

दुसऱ्याकडून काम करून घेणे आणि जबाबदारी सोपवणे यांतही फरक आहे. कराराच्या स्वरूपावरून ते काम वचन देणाऱ्याने स्वतःच करावे असा हेतू दिसत नसेल, तर तो सक्षम व्यक्तीकडून ते करून घेऊ शकतो, असे भारतीय करार अधिनियमाचे कलम ४० सांगते. अशा वेळी काम करणारी व्यक्ती ही देणाऱ्याचा हात असते. कराराचा पक्ष होत नाही. मात्र कलम ४१ नुसार समोरच्या पक्षाने तिसऱ्या व्यक्तीकडून झालेली पूर्तता एकदा स्वीकारली, की तीच पूर्तता तो नंतर मूळ वचनदात्याकडून मागू शकत नाही.

कोणते हक्क मुळात घेताच येत नाहीत?

ज्यांत व्यक्तीवरील विश्वास, तिचे कौशल्य किंवा तिची निवड हाच गाभा असतो, ते. चित्रकाराकडून स्वतःचे व्यक्तिचित्र काढून घेण्याचा हक्क दुसऱ्याला देऊन त्याचे चित्र काढायला लावता येत नाही. नोकरीच्या करारातील मालकाचा हक्कही कर्मचाऱ्याला न विचारता परक्याच्या हाती जात नाही. समोरच्या पक्षाचे ओझे किंवा जोखीम लक्षणीय वाढत असेल, तर तेही हस्तांतरणाच्या आड येते. याशिवाय कायद्याने काही गोष्टी वगळलेल्या असतात: भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६ नुसार केवळ दावा लावण्याचा अधिकार किंवा लोकसेवकाचा पगार हस्तांतरित होत नाही. ठरलेली येणे रक्कम घेता येते, पण कोणाच्या तरी चुकीमुळे झालेल्या अनिश्चित नुकसानीबद्दल भांडण्याचा निव्वळ अधिकार घेता येत नाही, असा त्याचा व्यावहारिक अर्थ.

करारातच हस्तांतरणाला मनाई असेल तर?

या प्रश्नावर कायदेपद्धती एकमेकींपासून बऱ्याच दूर गेल्या आहेत. इंग्लंडच्या लॉर्ड्स सभागृहाने १९९३ च्या लिंडेन गार्डन्स प्रकरणात असे ठरवले की मनाई मोडून केलेले हस्तांतरण समोरच्या पक्षाविरुद्ध निष्प्रभ ठरते. घेणाऱ्याला त्याच्याकडे थेट काही मागता येत नाही. दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या संहितेचे नववे प्रकरण आहे, जे व्यापारी येण्यांबाबतची अशी मनाई बहुतांशी निष्प्रभ करते. आंतरराष्ट्रीय व्यापारी करारांसाठीच्या युनिड्रॉइट तत्त्वांनी मधला मार्ग घेतला: पैशाच्या येण्याचे हस्तांतरण मनाई असली तरी वैध, पण ती मोडल्याबद्दल देणारा समोरच्या पक्षाला भरपाईसाठी जबाबदार राहू शकतो. ब्रिटननेही २०१८ च्या नियमांद्वारे ठरावीक व्यापारी करारांतील येण्यांपुरती अशी मनाई निष्प्रभ केली.

या फरकामागचे कारण समजण्यासारखे आहे. छोट्या पुरवठादाराला आपली येणी विकून किंवा तारण ठेवून खेळते भांडवल उभे करायचे असते आणि मोठ्या खरेदीदाराने छापील करारात टाकलेले मनाईचे कलम त्याची ती वाट बंद करते. पैसे कोणाला द्यायचे याने खरेदीदाराला फारसा फरक पडत नाही, म्हणून पैशाच्या येण्यापुरती मनाई सैल करणे मला योग्य वाटते. काम करून घेण्याच्या हक्काबाबत तोच युक्तिवाद टिकत नाही, कारण काम कोणासाठी करायचे याने खूप फरक पडतो.

घेणाऱ्यासाठी व्यवहारातील सल्ला एकच: मनाईचे कलम दिसले की आधी समोरच्या पक्षाची लेखी संमती घ्यावी. ‘संमती विनाकारण नाकारली जाणार नाही’ असे शब्द करारात असले, तरी ती मागावी लागतेच.

समोरच्या पक्षाला कळवणे आवश्यक आहे का? कोणी कळवायचे?

संमती आणि सूचना यांची गल्लत होते. हक्क घेण्यासाठी संमती बहुधा लागत नाही. पण सूचना दिली नाही तर घेणाऱ्याचा हक्क कागदावर राहून पैसे दुसरीकडे जाऊ शकतात. भारतात हस्तांतरण दस्तावर सही होताच पूर्ण होते, तरीही समोरच्या पक्षाला हस्तांतरणाची माहिती मिळेपर्यंत त्याने देणाऱ्याशी केलेला व्यवहार वैध राहतो. म्हणजे त्याने प्रामाणिकपणे जुन्या धनकोला पैसे दिले, तर त्याची फेड झाली. घेणारा त्याच्याकडे पुन्हा तेच पैसे मागू शकत नाही. जर्मन संहितेचे कलम ४०७ आणि युनिड्रॉइट तत्त्वेही समोरच्या पक्षाला असेच संरक्षण देतात. इंग्लंडमध्ये मालमत्ता कायदा, १९२५ च्या कलम १३६ खाली घेणाऱ्याला थेट कायदेशीर हक्क मिळण्यासाठी लेखी सूचना ही अटच आहे.

सूचना कोणी द्यायची, याचे भारतीय उत्तर कलम १३१ मध्ये आहे: ती लेखी हवी, तिच्यावर देणाऱ्याची किंवा त्याच्या प्रतिनिधीची सही हवी आणि देणारा सही करण्यास नकार देत असेल तर घेणाऱ्याची चालते, घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता तिच्यात असायला हवा. हस्तांतरणाच्या दस्ताबरोबरच देणाऱ्याकडून सूचनापत्रावरही सही करून घेणे आणि ते पोहोचल्याचा पुरावा जपणे, ही घेणाऱ्याने स्वतःच्या हिताची म्हणून पाळायची शिस्त आहे. नंतर देणाऱ्याशी संबंध बिघडले की त्याची सही मिळवणे अवघड होते.

मीच समोरचा पक्ष आहे आणि एका अनोळखी संस्थेकडून ‘आता पैसे आम्हाला द्या’ असे पत्र आले आहे. काय करावे?

लगेच पैसे पाठवू नयेत आणि पत्राकडे दुर्लक्षही करू नये. पत्र घेणाऱ्याकडून आले असेल तर हस्तांतरणाचा पुरावा मागण्याचा अधिकार आपल्याला असतो. युनिड्रॉइट तत्त्वांत तर तो शब्दशः दिला आहे आणि वाजवी मुदतीत पुरावा मिळेपर्यंत पैसे रोखून धरण्याची मुभाही आहे. खात्री करण्यासाठी देणाऱ्याशी आपल्याला पूर्वीपासून माहीत असलेल्या मार्गानेच संपर्क साधावा. पत्रातच दिलेल्या क्रमांकावर नव्हे, कारण बनावट पत्रांद्वारे पैसे वळवण्याची फसवणूक सर्वत्र होते. खात्री झाल्यानंतर मात्र जुन्या धनकोला दिलेले पैसे आपल्या जोखमीवर दिलेले ठरतात.

देणाऱ्याविरुद्ध समोरच्या पक्षाच्या तक्रारी होत्या. त्या माझ्याविरुद्धही सांगितल्या जातील का?

होय, आणि घेणाऱ्याच्या स्थितीतील खरी जोखीम हीच आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १३२ सांगते की हस्तांतरणाच्या तारखेला त्या येण्याच्या बाबतीत देणाऱ्यावर ज्या जबाबदाऱ्या आणि न्याय्य हक्कांची बंधने होती, त्या सर्वांच्या अधीन राहूनच घेणाऱ्याला ते येणे मिळते. जर्मन संहितेचे कलम ४०४ याच आशयाचे आहे.

समजा, एका पुरवठादाराने यंत्रे पुरवली आणि त्यांची येणे रक्कम वित्तसंस्थेला विकली. एक पंचमांश यंत्रे सदोष निघाली. वित्तसंस्थेने रक्कम मागितली, तेव्हा खरेदीदार त्या दोषांपुरती रक्कम वजा करून उरलेलीच देऊ शकतो. आपण यंत्रे बनवली नाहीत, त्या दोषांशी आपला संबंध नाही, हे वित्तसंस्थेचे म्हणणे खरे असले तरी उपयोगाचे नाही; कारण पुरवठादाराने स्वतः मागणी केली असती तर त्यालाही कमीच मिळाले असते. खरेदीदाराची बाजू हस्तांतरणाने सुधारू नये तशी बिघडूही नये, हा यामागचा विचार आहे आणि तो न्याय्य आहे.

पण या नियमाला मर्यादाही आहेत. पहिली म्हणजे काळाची. त्याच करारातून उद्भवणारे बचाव साधारणपणे घेणाऱ्याविरुद्ध टिकतात. मात्र सूचना मिळाल्यानंतर देणाऱ्याशी केलेल्या एखाद्या वेगळ्या व्यवहारातून नव्याने निर्माण झालेले येणे दाखवून घेणाऱ्याच्या रकमेतून वजावट करता येत नाही. लवकर सूचना देण्याचा हा दुसरा फायदा. दुसरी मर्यादा रकमेची. बचावामुळे घेणाऱ्याचे येणे कमी होईल, प्रसंगी शून्यावर येईल. पण ज्याने केवळ हक्क घेतले आहेत त्याच्याकडून समोरच्या पक्षाने वर आणखी भरपाई वसूल करावी, हे सामान्यतः चालत नाही. भरपाईचा तो दावा देणाऱ्याविरुद्धच लावावा लागतो.

परक्राम्य दस्तऐवजांचा, म्हणजे वचनचिठ्ठी, हुंडी, धनादेश यांचा मामला वेगळा आहे. प्रामाणिकपणे आणि मोबदला देऊन असा दस्तऐवज मुदतीपूर्वी मिळवणाऱ्या धारकाला आधीच्या धारकापेक्षा चांगला हक्क मिळू शकतो. साध्या करारातील हक्क घेणाऱ्याने तशी अपेक्षा ठेवू नये.

देणाऱ्याने तोच हक्क दोघांना विकला असेल तर कोणाचा अग्रक्रम?

इंग्लंडमध्ये १८२८ च्या डिअर्ल विरुद्ध हॉल या निकालापासून, ज्याने समोरच्या पक्षाला आधी सूचना दिली त्याला प्राधान्य मिळते. अर्थात आपला हक्क घेताना आधीचे हस्तांतरण त्याला माहीत नसावे. जर्मनीत आधी घेतलेल्याचा हक्क खरा, कारण देण्यासारखे देणाऱ्याजवळ दुसऱ्या वेळी काही उरतच नाही. पण अजाणतेपणी दुसऱ्याला पैसे देणाऱ्या समोरच्या पक्षाला तेथे संरक्षण आहे. अमेरिकेत बहुतांश व्यापारी येण्यांबाबत सार्वजनिक नोंदणी निर्णायक ठरते. जिथे अशी नोंदवही आहे तिथे ती पाहिल्याशिवाय घेणाऱ्याने पैसे मोजू नयेत.

हस्तांतरणानंतरही पैसे देणाऱ्याच्याच खात्यात जमा झाले तर?

ते घेणाऱ्याचे आहेत आणि देणाऱ्याने ते सुपूर्द केले पाहिजेत. दस्तात यासाठी मुदत लिहावी. देणारा आर्थिक अडचणीत असेल तर एकदा त्याच्या खात्यात मिसळलेले पैसे वेगळे काढणे फार कठीण होते.

समोरचा पक्ष पैसे देण्यास असमर्थ निघाला, तर देणाऱ्याकडे भरपाई मागता येते का?

दस्तात काय लिहिले आहे त्यावर ते अवलंबून आहे. येणे अस्तित्वात आहे, ते आपले आहे आणि दुसऱ्याला दिलेले नाही, याची हमी देणाऱ्याकडून अपेक्षित असते; समोरच्या पक्षाच्या ऐपतीची हमी तो वेगळी दिल्याशिवाय देत नाही. ती दिली असली तरी, उलट ठरलेले नसल्यास, भारतात कलम १३३ नुसार ती फक्त हस्तांतरणाच्या वेळच्या ऐपतीपुरती असते आणि मोबदल्याच्या रकमेपुरती मर्यादित असते. पुढे वर्षभराने समोरचा पक्ष दिवाळखोर झाला, तर त्या हमीचा उपयोग होत नाही. यामुळेच येणी विकत घेणाऱ्या संस्था ‘वसुली न झाल्यास देणाऱ्याने परत घ्यावे’ असे कलम घालतात किंवा ते न घालता किंमत कमी देतात. दोन्ही सौदे रास्त असू शकतात. आपण कोणता केला आहे हे ठाऊक नसणे मात्र धोक्याचे.

येण्याबरोबर तारण, जामीन आणि लवादाचे कलमही घेणाऱ्याकडे येते का?

येण्याची सुरक्षितता म्हणून असलेले हक्क अनेक कायद्यांत येण्यामागोमाग येतात, पण स्थावर तारणासाठी वेगळा दस्त किंवा नोंदणी लागू शकते आणि जामीनपत्रात हस्तांतरणाबाबत काय लिहिले आहे ते स्वतंत्रपणे वाचावे लागते. मूळ करारात वाद लवादाकडे नेण्याचे ठरले असेल, तर त्याच करारातून हक्क सांगणाऱ्या घेणाऱ्याला ते कलम बाजूला सारून न्यायालयात जाणे बहुधा जमत नाही.

हक्क घेण्यापूर्वी किमान काय पडताळावे?

मूळ करार, त्यातील नंतरचे बदल आणि दोन्ही पक्षांचा अलीकडचा पत्रव्यवहार पूर्ण वाचावा. पत्रव्यवहार विशेषतः, कारण समोरच्या पक्षाच्या तक्रारी करारात नव्हे तर तिथे सापडतात. त्याहून उपयोगी उपाय म्हणजे समोरच्या पक्षाकडूनच लेखी निवेदन घेणे: करार अमलात आहे, इतकी रक्कम देय आहे, कोणतीही वजावट किंवा वाद प्रलंबित नाही आणि दुसऱ्या कोणाकडून हस्तांतरणाची सूचना आलेली नाही. असे निवेदन विसंबून राहण्यासाठीच दिले असेल, तर समोरच्या पक्षाला नंतर उलट भूमिका घेणे अवघड जाते. तो निवेदन देण्यास टाळाटाळ करू लागला, तर ती टाळाटाळही घेणाऱ्याला बरेच काही सांगून जाते.

घेतलेला हक्क मला पुढे तिसऱ्याला देता येतो का?

मूळ करारात किंवा हस्तांतरणाच्या दस्तात अडथळा नसेल तर देता येतो, आणि त्या क्षणी आपण घेणाऱ्याचे देणारे होतो. वर सांगितलेल्या हमीच्या आणि पैसे सुपूर्द करण्याच्या जबाबदाऱ्या मग आपल्याकडे येतात, तर मूळ देणाऱ्याच्या काळातील बचाव नव्या घेणाऱ्याविरुद्धही उभे राहतात. समोरच्या पक्षाला प्रत्येक टप्प्यावर नवी सूचना द्यावी लागते; ती मिळेपर्यंत तो पैसे आपल्यालाच देईल. रकमेचा फक्त काही भाग पुढे द्यायचा असेल तर आणखी काळजी घ्यावी. काही कायद्यांत असे अंशतः हस्तांतरण मान्य असते, पण इंग्लंडमध्ये अंशतः घेणाऱ्याला कलम १३६ चा लाभ मिळत नाही आणि दावा लावताना त्याला हक्काचा उरलेला भाग ज्याच्याकडे आहे त्यालाही सामील करून घ्यावे लागते.